विहीणबाईंचे टेकू

वसईपासून विरारपर्यंत फोन नसलेलं माणूस आता शोधून सापडायचं नाही. पण फोनला वळण लावलेलं माणूस मी आजवर एकच पाहिलं, आणि ती माझी विहीण. आपण बाकीचे सगळे फोनच्या धाकात. तो वाजला की उठतो, चमकला की बघतो, 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणाला की मुकाट्याने आवडून घेतो. विहीणबाईंच्या घरी फोन हाताची घडी, तोंडावर बोट करून बसलेला असतो. त्यांनी तेहेतीस वर्षं मराठी शाळेत पोरं शिकवली, त्यामुळे समोर जे येईल ते चौथीतलं आहे असं समजूनच त्या वागतात. त्यात फोन आला, फोनमधली साधनं आली, आणि सुरुवातीची काही वर्षं मीही आले.

त्या सुरुवातीबद्दल सांगायला मला लाज वाटते, म्हणून सांगतेच. माझ्या लेकीने सांडोरच्या ख्रिस्ती घरातला मुलगा पसंत केला तेव्हा मी पन्नाशीची होते, म्हणजे पोरसवदाच, आणि स्वतःला फार आधुनिक समजत होते. कारण काय, तर मी मुंबईत कचेरीत टायपिस्ट होते. कचेरीत पहिला संगणक आला तेव्हा मी त्याला हळद-कुंकू वाहिलं, वर क्रोशाचा रुमाल घातला आणि जमेल तितकी वर्षं टाइपरायटरच बडवत राहिले, ही गोष्ट वेगळी. तर ही आधुनिक बाई लेकीचा बेत ऐकून तीन दिवस जेवली नाही. निदान मी सगळ्यांना तसं सांगितलं. खरं म्हणजे दुपारी दार लावून चिवडा खात होते. चौथ्या दिवशी विहीणबाई आमच्या बोळिंजच्या घरी आल्या, त्या अळूची ही एवढी जुडी घेऊन. "पेढे सुचले नाहीत बाईला," असं मी स्वयंपाकघरात पुटपुटले. बाहेरून शांत आवाज आला, "पेढे विकत मिळतात, विहीणबाई. अळू मी लावलाय. आणि ओठाला शेव लागलीय ती पुसा, लेक येतेय." त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर पुटपुटणं सोडलं.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा माझ्या लेकीने त्यांना फोन दिला आणि अकाउंट उघडून दिलं. वाटलं, बाई सकाळी फुलांचे फोटो पाठवतील, दुपारी झोपतील. बाईंनी काय करावं? त्यांनी आपल्या वाडीचे व्हिडिओ करायला घेतले, चाळीस चाळीस सेकंदांचे. केळफूल कसं सोलावं, केळीची पिल्लं कधी काढावीत, बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं, पाणी यंदा कुठल्या पायरीपर्यंत उतरलं. आयुष्यभर वर्गात प्रमाण मराठी बोललेली बाई या व्हिडिओत आपल्या घरच्या बोलीत बोलते, आणि हजारांनी माणसं ते बघतात. त्यांना विचारावं तर म्हणतात, "बघणारच. पण नुसतं अकाउंट उघडून भागत नाही. केळीला घड धरला की ती वाकते, तिला बांबूचा टेकू द्यावा लागतो. अकाउंटलाही बाहेरून टेकू लागतात."

हे टेकू म्हणजे अकाउंटला वरून जोडायची साधनं. एक ठरल्या वेळी आपोआप व्हिडिओ टाकतं, एक कोणी कधी कुठून बघितलं ते सांगतं, एक बोलण्याखाली अक्षरं उमटवतं. विहीणबाईंनी यांच्यासाठी लाल कापडी पाठीची जाड वही घातली आहे. प्रत्येक साधनाला एक पान: नाव, दाखल झाल्याची तारीख, वर्तणूक, शेरा. 'चुणचुणीत, पण आगाऊ.' 'सांगितलेलं काम करतो, न सांगितलेलंही करतो, लक्ष ठेवावे.' एका साधनाने महिन्याभरात फॉलोअर दसपट करून देण्याची हमी दिली होती. त्याच्या पानावर एकच ओळ आहे: 'कॉपी करून पास होणारा.' त्याला काढला तेव्हा त्यांनी नुसतं साधन पुसलं नाही, अकाउंटच्या आत जाऊन त्याला दिलेली परवानगीही काढून घेतली आणि पासवर्ड बदलला. "शाळा सोडल्याचा दाखला दिला म्हणजे बाकावरूनही उठवायचं असतं," म्हणाल्या. मी हे ऐकलं आणि घरी येऊन माझ्या फोनमध्ये कोण कोण बाकावर बसलंय ते लेकीकडून बघून घेतलं. भाग्य सांगणारे तिघे निघाले.

एक टेकू हजेरीचा होता. कोण फॉलोअर आहे पण ढुंकून बघत नाही, त्याची यादी तो काढून द्यायचा. एका सकाळी मी बघते तर विहीणबाईंच्या अकाउंटवरून माझंच नाव उडालेलं. रागारागाने फोन केला.

"मला काढलंत?"

"सहा महिने गैरहजर होतात."

"अहो, मी तुमची विहीण."

"म्हणून तर सहा महिने थांबले. इतरांना तीन देते. पालकांची चिठ्ठी आणा."

पालक कुठून आणू, मी पासष्टीची. शेवटी लेकीने चिठ्ठी लिहिली, 'आईला डोळ्याचा त्रास होता, कृपया वर्गात बसू द्यावे,' तेव्हा मला परत घेतलं.

अक्षरं उमटवणाऱ्या साधनाची तर त्यांनी शिकवणीच घेतली. त्या वाडीत उभ्या राहून घरच्या बोलीत बोलल्या, आणि साधनाने विचार करून भाषा ओळखली: पोर्तुगीज. मला वाटलं बाई चिडणार. त्या फोनकडे बघून मायेने म्हणाल्या, "बाळा, फार उशिरा आलास. ते गेले कधीच." मग महिनाभर रोज त्याने लिहिलेलं दुरुस्त करत बसल्या. आता ते बऱ्यापैकी लिहितं. मी त्यांच्याकडे बघत राहते. मी नवऱ्याला चाळीस वर्षांत ओला टॉवेल पलंगावरून उचलायला शिकवू शकले नाही.

पण या शिस्तशीर बाईंची एक गोष्ट मला कळत नव्हती. बघणाऱ्यांचा हिशेब देणारा टेकू त्यांना रोज सांगायचा की तुमची माणसं रात्री आठ वाजता जागी असतात, तेव्हा व्हिडिओ टाका. आणि विहीणबाईंचा व्हिडिओ यायचा दुपारी चार चाळीसला. जेव्हा निम्मे लोक कामावर आणि निम्मे वामकुक्षीत. बरं, तोही कायम नाही. दिवाळीच्या सुमारास तो पाच चाळीसला सरकायचा आणि मार्चात परत चार चाळीसवर यायचा. मी विचारलं तर म्हणाल्या, "वेळापत्रक माझं आहे." मी नाद सोडणारी नाही. एक दिवस त्या केळीची पानं कापायला वाडीत गेल्या असताना मी तो हिशेब उघडला. मुंबई इतके, पुणे इतके, आणि सगळ्यात खाली कॅनडातलं एक गाव. त्याच्यापुढे आकडा एक. रोज एक. चार चाळीसनंतर पाच मिनिटांत.

"तिथे सकाळचे सात वाजतात," मागून आवाज आला. पानं हातात तशीच होती. "थंडीत ते लोक घड्याळ मागे घेतात. म्हणून पाच चाळीस."

तो त्यांचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा त्याला वेळेत येता आलं नाही. फोनवर तो म्हणाला, महिन्याने चर्चमध्ये आईसाठी प्रार्थना असते, त्या मिस्सेला येतो. विहीणबाई रडून थकल्या होत्या, त्या म्हणाल्या, "आता येऊन काय करणार? राहा तिकडेच." बहिणीने, त्यातून शाळेतल्या बाईंनी सांगितलेलं, त्याने ऐकलं. तो राहिला. त्यानंतर ना फोन, ना पत्र.

"पण हा तोच कशावरून?" मी विचारलं.

"बर्फात बसून सांडोरची केळी रोज दुसरं कोण बघेल?"

एवढे टेकू, एवढी वही, एवढी हजेरी, हे सगळं कशाला उभं होतं ते मला त्या दिवशी दिसलं.

पुढे वाडीतली केळी थेट न्यायला लोक येऊ लागले आणि व्हिडिओखाली एकच प्रश्न शंभरदा पडू लागला, केळी आहेत का. तेव्हा विहीणबाईंनी उत्तर देणारा टेकू घेतला. कोणी 'केळी' हा शब्द लिहिला की तो लगेच लिहायचा, 'आपली विचारणा मिळाली. किती फण्या हव्यात आणि न्यायला कधी येणार, ते कळवावे.' कामाचा होता. तिसऱ्या आठवड्यात त्या भर दुपारी रिक्षा करून बोळिंजला आल्या. चहा नको, पाणी नको, बसायला तयार नाहीत. हातात वही.

"काय झालं?"

"मशीनने त्याला उत्तर दिलं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्गात एखादं पोरगं रोज येतं पण तोंड उघडत नाही, त्याच्यासाठी बाईंची एक युक्ती होती. फळ्यावर मुद्दाम चूक लिहायची. ते पोरगं न राहवून हात वर करतं. तसा त्यांनी आदल्या दिवशी व्हिडिओ केला, केळीला टेकू देण्याचा, आणि टेकू मुद्दाम उलट्या अंगाने दिला. हजारांनी बघितला. सगळ्यांनी खाली लिहिलं, छान, सुंदर, हात जोडले. आणि एकाने लिहिलं: 'बाय, केळीला टेकू चुकीच्या अंगाने दिलास. आईने असा दिला नसता.' त्यांच्या घरात थोरल्या बहिणीला बाय म्हणतात.

अकरा वर्षांनी त्याने हात वर केला होता. आणि पुढच्याच सेकंदाला बहिणीच्या नावाने त्याला उत्तर गेलं होतं: आपली विचारणा मिळाली, किती फण्या हव्यात.

"पुसून टाकते," विहीणबाई म्हणाल्या.

"पुसलंत तर त्याला काय वाटेल? बहिणीने उत्तर दिलं आणि मागे घेतलं."

"मग खाली लिहिते, हे मी नाही, मशीन होतं."

"लिहा. पुढे काय लिहाल?"

त्यांनी वही उघडून दाखवली. आठ-नऊ उत्तरं लिहून खोडलेली, लाल पेनाने. एकही दोन ओळींच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी या बाईला कधी शब्दासाठी अडलेलं पाहिलं नव्हतं. मी तर त्यांच्याशी बोलताना मनात व्याकरण तपासून घेते.

"तू कधी येणार, एवढंच लिहा ना."

"ते मला लिहिता येत नाही. राहा तिकडेच मी म्हटलंय. कुठल्या तोंडाने लिहू?"

"मग ते लिहिलंच आहे की. वाचा तुमच्या मशीनने काय विचारलंय."

त्यांनी चष्मा लावला आणि वर्गात वाचावं तसं मोठ्याने वाचलं. किती फण्या हव्यात आणि न्यायला कधी येणार. पुन्हा एकदा वाचलं, या खेपेस शेवटचेच तीन शब्द. मग खुर्चीवर बसल्या.

"वाक्य बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "राहू दे."

मग चहा घेतला. दोन दिवस तिकडून काहीच आलं नाही. मी आयुष्यात परीक्षेच्या निकालाची एवढी वाट पाहिली नसेल. पाहण्यासारखे निकाल नव्हतेच माझे. तिसऱ्या दिवशी चार चाळीसचा व्हिडिओ पडला आणि जुन्याच कमेंटखाली उत्तर आलं: 'एक फणी. कधी ते अजून सांगता येत नाही. पण ठेव.'

विहीणबाईंनी या वेळी कुठलाही टेकू मध्ये येऊ दिला नाही. आपल्या बोटाने एकच शब्द लिहिला, 'ठेवते.' त्याला चाळीस मिनिटं लागली. मी शेजारी बसून मोजली. उत्तर देणाऱ्या साधनाला मात्र दाखला मिळाला नाही. त्याच्या पानावर शेरा आहे: 'चूक केली, पण विचारण्याचं धैर्य दाखवलं. वरच्या वर्गात घातले.' फक्त भावाच्या वाटेला जायचं नाही, अशी त्याला ताकीद आहे.

तेव्हापासून घड उतरला की विहीणबाई त्यातली सर्वांत भरलेली फणी बाजूला काढतात आणि स्वयंपाकघरातल्या आकड्याला टांगतात. तिला घरात कोणी हात लावायचा नाही. मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "अहो, राजेळीच आहेत ना, सुकेळी करून ठेवा. वाळवलेली महिनोन् महिने टिकतील."

त्या म्हणाल्या, "सुकेळी करणं म्हणजे महिनोन् महिने तो येत नाही, असं धरून चालणं. ताजीच ठेवायची."

मग ती फणी पिवळी होते, सालीवर काळे ठिपके पडू लागतात, आणि आता राहणार नाही असं दिसलं की तिथे नवी हिरवी फणी लागते. पिकलेली माझ्याकडे येते, रविवारी मिस्सा झाल्यावर, लेकीच्या हाती. मी हावरट बाई आहे, ते लपवण्याच्या वयात आता नाही. एवढी गोड केळी मी कुठे खाल्लेली नाहीत. खिडकीत बसून एकेक सोलते, सावकाश खाते, आणि दर रविवारी मनातल्या मनात म्हणते, देवा, पुढच्या रविवारी मला ही मिळू देऊ नकोस.