सूर्यास्तापर्यंतचं केंद्र

अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्न गावाबाहेरच्या गवताळ रानात एक उंच लोखंडी मनोरा उभा होता आणि त्याच्या पायथ्याशी गॅरेजएवढी विटांची इमारत. तिचं दार उघडलं की तापलेल्या यंत्राचा, जुन्या गालिच्याचा आणि दिवसभर आटत राहिलेल्या कॉफीचा वास एकदम अंगावर यायचा... आजही कुठे कॉफी करपली की मला आधी तो मनोरा दिसतो.

ते एएम रेडिओ केंद्र होतं. आठवडाभर तिथे जुनी इंग्रजी गाणी लागत — आमच्या शेजाऱ्यांच्या तरुणपणीची. परवाना फक्त दिवसाचा. सूर्य मावळला की प्रक्षेपण थांबवावं लागे, कारण अंधारात या लहरी फार दूर जातात आणि परक्या केंद्रांच्या आवाजात मिसळतात. रविवारी सूर्यास्ताआधीचा शेवटचा तास माझ्या आईचा होता. ती जुनी मराठी गाणी लावायची, मधूनमधून बोलायची. त्यामुळे आमचा रविवार घड्याळावर नव्हे, सूर्यावर चालायचा : डिसेंबरात आई संध्याकाळच्या चहाला घरी असे, जूनमध्ये जेवणं खोळंबत.

केंद्र एकट्याने चालवणाऱ्या वयस्कर वॉल्टरना मी वॉल्टरकाका म्हणे. आईची त्यांना एकच अडचण होती — तिला निरोप आवरता येत नसे. आपल्याकडे पाहुणा उठतो, दारात थांबतो, गाडीपाशी पुन्हा बोलत उभा राहतो. आई माइकसमोरूनही तशीच निघायची आणि सूर्यास्त तिला वाक्याच्या मध्येच तोडायचा. अखेर त्यांनी तिचा निरोप टेपवर भरून ठेवला. "पुढच्या रविवारी, सूर्य मावळायच्या आत, पुन्हा भेटूया." टेप संपे आणि मागोमाग नुसती खरखर.

घरी कांदा चिरता चिरता बाबा रेडिओला उत्तर देत, "आधी घरी ये! कुकर कोण लावणार, वॉल्टर?"

"बाबा, शी कान्ट हिअर यू," मी म्हणे.

"तुझी आई समोर असली तरी ऐकत नाही. रेडिओचं काय घेऊन बसलीस!"

एका हिवाळ्यात आई आजारी पडली आणि बर्फ वितळण्याआधी गेली. पुढच्या रविवारी वॉल्टरकाकांनी तिचा तास तिच्याच गाण्यांनी भरला आणि शेवटी, नेहमीप्रमाणे, टेप लावली. स्वयंपाकघरात तिचा आवाज आला — घाईतला, किंचित हसरा. बाबांच्या हातातली सुरी थांबली.

त्यानंतरच्या रविवारीही ती भेटूया म्हणाली. मग मात्र बाबांनी कोट चढवला, मला गाडीत बसवलं. "हे बंद करायला सांगतो. माणूस गेल्यावर असं..." त्यांनी गाडी सुरू केली.

वॉल्टरकाकांनी दारातच त्यांचा हात धरला. त्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. "ती शेवटी काय म्हणते?" त्यांनी विचारलं. "मला वाटतं, प्रार्थना असावी. ती लागल्याशिवाय मला यंत्र बंद करवत नाही."

बाबांनी मान वर करून मनोऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो. प्रार्थनाच आहे."

त्यानंतर कित्येक वर्षं, मी कॉलेजला गेले तरीही, आई दर रविवारी भेटूया म्हणत राहिली. बाबा प्रत्येक वेळी ऐकत. उत्तर मात्र त्यांनी एकदाही दिलं नाही.

वॉल्टरकाका गेले आणि केंद्र बंद झालं. मनोरा उतरवला. त्या रानात आता डेटा सेंटर आहे — खिडक्या नसलेल्या लांबच लांब भिंती आणि न थांबणारी एक संथ घरघर. बाबांनी विजेवर चालणारी गाडी घेतली. तिच्यात एएम लागत नाही. जुनी गाडी गॅरेजबाहेर तशीच आहे.

"विकून टाका ना ती," मी म्हणते.

"चालतेय की अजून."

मागच्या रविवारी मी घरी गेले तेव्हा बाबा त्या जुन्या गाडीत बसले होते, रेडिओ त्याच जुन्या केंद्रावर लावून. मी शेजारी जाऊन बसले. खरखरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं... घरांच्या छपरांमागे सूर्याची शेवटची कड बुडाली. बाबा रेडिओकडे थोडे झुकले आणि, कुणाची झोप मोडू नये इतक्या हळू, म्हणाले,

"आधी घरी ये."