रापणीचा वाटा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याच्या ताटात तेच मासे वाढत आले.

मालवणजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. रोबोटिक्सचे दोन्ही संघ माझ्याच गळ्यात — एक मुलांचा, एक मुलींचा. जिल्हा स्पर्धेत जमिनीवर विखुरलेले चेंडू गोळा करायचे होते. जो तो एकेक चेंडू उचलणारा यांत्रिक हात बनवत होता. मुलींमधल्या सानिकाने मात्र वेगळंच काढलं. तिचे वडील रापण ओढतात, म्हणजे समुद्रात सोडलेलं लांब जाळं किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढून आणायचं. तिने दोन छोट्या गाड्या केल्या, मध्ये जाळं. दोन्ही सारख्या वेगाने मागे येत, आणि चेंडू आपोआप जाळ्यात. मला इतका आनंद झाला होता — खरंच झाला होता.

मुलांचं यंत्र चेंडू उचलायचं आणि मध्येच पाडायचं. मुख्याध्यापक रोज विचारत, दोन्ही संघ तयार ना? मी रोज हो म्हणे. का म्हणत होते? मिरवायची हौस, दुसरं काय. शेवटी सानिकाची युक्ती मी मुलांना दिली. माझी म्हणून दिली. वाटलं, एकाच शाळेची तर पोरं — कोण विचारणार?

परीक्षकांनी विचारलं. मुलांची पाळी आधी झाली होती, टाळ्याही पडल्या होत्या. मग सानिकाच्या गाड्या निघाल्या आणि परीक्षक माझ्याकडे वळले — नक्कल कुणी केली? मुलांनी, म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता — त्यांना दाखवलं कुणी? शेजारी मुख्याध्यापक बसले होते. मी म्हणाले, मुलींनी.

मुलींचा संघ बाद झाला.

परतीच्या एसटीत सानिका माझ्याजवळ येऊन बसली. "बाई, तुमका म्हायत होता मा?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. कट्टा गाव मागे गेलं तरी बघतच राहिले. पुढे मुलांना घेऊन मी राज्य स्पर्धेला पुण्याला गेले, फोटोत हसले.

तिने घरी काही सांगितलं नाही. का नाही — हे विचारायला मला तोंड कुठे आहे? थोड्याच दिवसांत तिचे वडील मासे घेऊन दारात उभे. रापणीच्या दोराला जो हात लावतो त्याला वाटा मिळतो, मग तो वाटेने जाणारा का असेना. "आमच्या चेडवाक, सानिकाक, तुमी हात दिल्यात, बाई. ह्यो तुमचो वाटो." नको म्हणावं, तर का नको ते सांगावं लागलं असतं. घेतला. तेव्हापासून रापण लागली की वाटा येतो, आणि प्रत्येक वेळी मी घेते.

सानिकाने अकरावीला विज्ञान घेतलं नाही. हल्ली वाटा तीच आणते. पिशवी पायरीवर ठेवते, "बाबान दिल्यान" म्हणते आणि वळते.

कालही आली होती. बांगडे होते. मी तिखलं केलं आणि दोन्ही वेळा जेवले.