नऊ व्होल्टचा सौदा

पैठण गेटच्या एका अडॅप्टरवाल्यानं मला फसवलं. म्हातारा माणूस, चष्म्याला दोरी, बोलणं गोड, आणि त्यानं मला फसवलं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून लोकांचं मन त्याच्याकडं झुकतं. माझ्या बायकोचं झुकलेलंच आहे.

कीबोर्ड माझ्या थोरल्या भावाचा. दादा कारखान्यात फिटर होता आणि सुट्टीच्या दिवशी भीमगीतांच्या पार्टीत वाजवायचा. फुलंब्रीच्या बाजूला एक गाव नसेल जिथं हा कीबोर्ड चादरीत गुंडाळून जीपच्या टपावरून गेला नाही. पुढं गाणारे पांगले, पार्टी मोडली, कीबोर्ड माळ्यावर गेला. यंदा जुन्या मंडळींनी ठरवलं की बुद्धपौर्णिमेला मुकुंदवाडीच्या विहारात एकदा परत बसायचं. दादानं कीबोर्ड खाली काढला, तर आतले जाडे सेल फुटून सेलचा खणच खाऊन गेलेले. आता चालला तर विजेवरच.

मूळ अडॅप्टर कुठं गेला हे मला विचारू नका. विचारलंच तर, घर बदलताना दादानं माझ्याकडं ठेवलेली वायरींची पेटी मी भंगारवाल्याला घातली होती. त्यातच होता तो. पण भंगारवाल्याकडून मी किलोमागं दोन रुपये जादा काढले होते, हेही लक्षात घ्या.

मी म्हणालो, "दादा, नवाच घेऊ. किंमत मी पाडून घेतो."

"नाय," दादा म्हणाला. "माझ्या बोटांना ह्याच पट्ट्या ठाऊक हायेत. तू नुस्ता अडॅप्टर आण. नाय मिळाला तर मी म्होरं सतरंजीवर बसून टाळ्या वाजवीन."

दादानं आजवर माझ्याकडं काही मागितलेलं नाही. माझ्या पहिल्या हातगाडीची चाकं त्याच्या पैशाची होती. आज गारखेड्यात माझं नळाच्या सामानाचं दुकान आहे. आणि तो सतरंजीवर बसून टाळ्या वाजवणार? पौर्णिमेला चार दिवस होते. मी स्कूटर काढली.

माझा खरेदीचा एक नियम आहे, हातगाडीच्या दिवसांपासूनचा. वस्तू कशासाठी हवी ते दुकानदाराला कधी सांगायचं नाही. गरज कळली की भाव वाढला. लग्नासाठी हवं म्हटलं की गाद्याही महाग होतात. म्हणून मी कीबोर्ड घरी ठेवला. फक्त त्याच्या पाठीवर 'नऊ व्होल्ट' लिहिलेलं पाहून घेतलं आणि तेवढं भांडवल घेऊन पैठण गेटच्या त्या म्हाताऱ्या चाचांच्या दुकानात शिरलो.

"नऊ व्होल्ट का अडॅप्टर दिखाओ चाचा."

"कौनसी चीज कू होना?"

"ऐसाच. रेडिओ है एक पुराना."

"लेके आते ना, देख के देता."

"रेडिओ बिमार नहीं है चाचा, हकीम कू कायकू दिखाऊं?"

चाचा हसले. मग त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "बीच में प्लस होना की मायनस?"

मी पाहतच राहिलो. तीस वर्षांत गिऱ्हाइकाला गोंधळात पाडायच्या अनेक युक्त्या मी बघितल्या होत्या. एकदोन मी स्वतः काढलेल्या आहेत. ही नवी होती.

"दोनों का भाव अलग है क्या?"

"भाव एकच है सेठ."

"फिर जो उप्पर रखेला है वो दो. और टाइम मत खाओ."

त्यांनी चारशे सांगितले. मी हसलो. मी पायरी उतरलो, परत चढलो, अडॅप्टर हातात तोलून हलका आहे म्हणालो, परत उतरलो. दोनशेवीसला सौदा पटला. घरी जाताना स्कूटरवर मी गाणं म्हणत होतो.

दादा वाटच बघत होता. कीबोर्डला त्यानं धुतलेल्या फडक्यानं पुसलं होतं. मी पिन घातली, बटण दाबलं. लाल दिवा लागला नाही. परत दाबलं. मग आतून कुठून तरी नख जळाल्यासारखा वास आला आणि दादानं पिन उपटली.

"कितीला आणला?" त्यानं विचारलं.

"दोनशेवीस. चारशे म्हणत होता."

"लई स्वस्त पडला," दादा म्हणाला आणि फडक्याची घडी घालायला लागला.

ती घडी मला सोसली नाही. मी तसाच उलटा पैठण गेटला गेलो आणि रस्त्यावरूनच आवाज चढवला. मी चढवला की आवाज चांगला चढतो. चार माणसं थांबली, मग दहा.

"खराब माल दिया! रेडिओ जल गया मेरा!"

चाचांनी अडॅप्टर घेतला. काउंटरखालून स्वतःचा रेडिओ काढला आणि त्याला जोडला. रेडिओवर एक बाई स्वच्छ आवाजात कांद्याचे बाजारभाव सांगायला लागली. अडॅप्टर ठणठणीत होता. चाचांनी रेडिओ माझ्याकडं वळवला, मला नीट ऐकू यावं म्हणून. गर्दीतला एक जण म्हणाला, "आवाज तो आ रहा सेठ, तुम्हारे से कम है."

सगळे हसले. मी त्या बाईचं सोयाबीनही सांगून होईपर्यंत उभा राहिलो. मग खाली बघून म्हणालो, "रेडिओ नहीं है चाचा. कीबोर्ड है. बजाने का."

चाचांनी कपाळाला हात लावला. "तीन बार पूछा मैं!"

तीन वेळा नाही, दोनच वेळा विचारलं होतं. पण ती वेळ हिशेब काढायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी दादा कीबोर्ड मांडीवर धरून रिक्षातून आला, मी स्कूटरवर मागं. चाचांनी कीबोर्ड उलटा केला आणि पिनेच्या भोकाशेजारचं एक चित्र बोटानं दाखवलं. नखाएवढं गोल, मधल्या ठिपक्याला जोडलेलं वजाचं चिन्ह. अशा जुन्या कीबोर्डांत पुष्कळदा मधली तार मायनस असते, बाकी बहुतेक वस्तूंत प्लस. मी उलटी वीज घातली होती. ते चित्र मी 'नऊ व्होल्ट' वाचताना पाहिलं होतं. मला ती कंपनीची खूण वाटली होती.

माझ्या दुकानात कुणी नुसता "अर्ध्या इंचाचा नळ द्या" म्हणालं, तर मी पहिला प्रश्न विचारतो, कुठं बसवायचाय? न सांगणाऱ्याला मी येडा म्हणतो. पाठ फिरल्यावर, पण म्हणतो.

चाचांनी कीबोर्ड खोलला. आतला एक बारीक तुकडा जळून गेला होता. बाकीचं वाचवायलाच तो बसवलेला असतो म्हणाले. तो बदलला, अडॅप्टरच्या वायरी कापून उलट्या जोडल्या, वर टेप गुंडाळली. लाल दिवा लागला. दादानं उभ्याउभ्याच चार पट्ट्या दाबल्या, मग आठ, मग दोन्ही हात. त्याची बोटं खरंच सगळं ओळखत होती. मी रस्त्याकडं तोंड करून वाहतूक बघितली.

आणि इथं ती फसवणूक उघडी पडली. दादा म्हणाला, "चाचा, असाच अजून एक बनवून द्या. ऐन कार्यक्रमात बंद पडला तर?"

"देढ सौ दे दो," चाचा म्हणाले.

दादानं दीडशे काढले आणि दिले. एक शब्द न बोलता. पायरीसुद्धा उतरला नाही.

"देढ सौ?" मी ओरडलो. "उसमें वायर जोडने की मजुरी भी आ गयी! मेरे कू चारसौ बोले थे!"

चाचांनी चष्मा पुसला. "तुम कू देख के बोला सेठ. तुम आधा करते. नहीं करने दिया तो नाराज होके जाते."

पौर्णिमेला विहार भरला होता. दादा स्टेजवर, दुसरा अडॅप्टर खिशात. मी पहिल्या रांगेत सतरंजीवर बसून टाळ्या वाजवत होतो. गाणं लई रंगलं. पण मला त्यातलं निम्मं ऐकू आलं नाही. माझ्या डोक्यात दुकानं चालली होती. गाद्यावाला, फरशीवाला, मुलीच्या लग्नातला मंडपवाला. प्रत्येक पायरी, जी मी उतरलो आणि चढलो.

कार्यक्रम संपल्यावर मी दादाला गाठलं. "तुला ठाऊक होतं?"

"काय?"

"मला बघून लोक भाव वाढवतात ते."

दादा कीबोर्ड चादरीत गुंडाळत होता. "तू एवढा खुशीत घरी यायचास," तो म्हणाला. "कोण सांगणार?"

हे उत्तर नाही. पैठण गेटपासून जुन्या मोंढ्याच्या बाजारापर्यंत ज्यानं ज्यानं मला लांबून येताना पाहिलं आणि आकडा दुप्पट केला, त्या प्रत्येकानं आता समोर यावं आणि खरा भाव काय होता ते माझ्या तोंडावर सांगावं. सुरुवात मंडपवाल्यानं करावी.