पाण्याखालचा गावदेव

धरण झालं, तलाव भरला आणि आमचं गाव पाण्याखाली गेलं. माणसं काठावर आली, गावदेव खालीच राहिला. देवाला जागेवरून हलवायचं नाही, असा आमच्यात दंडक. म्हणून लग्नं वैशाखअखेरीस व्हायची. पाणी ओसरलं की नवरा-नवरी चिखल तुडवत देवाला नारळ द्यायला जायची. पुढे पोरं वाशिंदच्या हॉलमध्ये लग्नं उरकायला लागली. यंदा नातीने देवाचा हट्ट धरला, तर मेलं पाणीच हटेना. काठावरूनच नारळ सोडायचं ठरलं.

"देव कुठल्या अंगाला हाय, आजोबा?" नातजावयाने विचारलं.

सगळ्यांनी बोटं दाखवली, प्रत्येकाचं वेगळीकडे. भांडण जुंपलं.

"गप बसा रे! कुणा म्हाताऱ्याला विचारू," मी ओरडलो.

सगळी माझ्याकडेच बघत राहिली.