वेरोनिकाबाईंचं गाऱ्हाणं

वेरोनिकाबाई डिमेलोंनी नगरपालिकेला रस्त्याबद्दल नऊ अर्ज केले आणि ते नऊही मी फायलीत लावून ठेवले. माझं नाव सत्यवान, हुद्दा आवक-जावक कारकून. गाव मालवणच्या किनाऱ्यावरचं. नाव सांगत नाही, कारण तेव्हाचे दोन-तीन मेंबर अजून हयात आहेत आणि त्यांना काम नाही.

बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या. हाडापेरानं बारीक, आवाज मात्र जेटीपर्यंत जाणारा. बारा महिने हातात छत्री. त्या छत्रीनं त्या पोरांची रांग सरळ करायच्या, कुत्री हाकलायच्या आणि रस्ता मोजायच्या. शाळेच्या वळणावर आमचा बाजाररस्ता सहा छत्र्या रुंद आहे, ही माहिती सरकारी नकाशात नाही, बाईंच्या पहिल्या अर्जात आहे. एक छत्री दुकानदारांच्या टोपल्यांनी खाल्लेली, एक उभ्या सायकलींनी. राहिल्या चार. त्यातल्या अडीच एकट्या मासळीच्या ट्रकला लागतात. उरलेल्या दीड छत्रीत शाळेची मुलं, सायकलवाले, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका आणि एसटीची वाट बघणारे यांनी कसं मावायचं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. प्रश्न बिनतोड होता, म्हणूनच आम्ही उत्तर दिलं नाही.

ट्रक हरिश्चंद्र शेटचा. शाळा सुटायला आणि ट्रक सुटायला एकच वेळ. बर्फात घातलेली मासळी पहाटेच्या आत कोल्हापूरच्या बाजारात पोचायला हवी, म्हणून शेट स्वतः ड्रायव्हरशेजारी बसायचा आणि दारावर थापा मारत ओरडायचा, "चल रे पेद्रू, बरफाचा पानी होता." पेद्रू गरीब माणूस, बाईंच्याच वाडीतला. थाप पडली की तो गाडी सोडायचा.

एकसष्ट साली, दिवाळीच्या सुट्टीआधी, तिसरीतल्या सुगंधाच्या हातातली लिहायची पाटी ट्रकच्या धक्क्यानं उडाली आणि चाकाखाली गेली. पोर वीतभर अंतरानं वाचली. बाईंनी तुकडे रुमालात बांधले आणि तडक माझ्या टेबलावर आणून ठेवले.

"नववा अर्ज, जोडपत्रासह. पोच द्या."

मी पोच लिहिली: पाटीचे तुकडे, नग सात.

"भाऊसाहेब, आज पाटी गेली. उद्या पोर जाईल, आणि तिच्या आईला सांगायला मला जावं लागेल. तुम्हाला नाही."

मी म्हटलं, वर पाठवतो. वर म्हणजे कपाटाचा वरचा खण. हे मी आज लिहितोय आणि आजही मला लाज वाटते.

त्याच महिन्यात शेटनं दुसरा, नवा कोरा ट्रक घेतला. नवी होडी असो, विहीर असो की मोटार, आमच्याकडे रवळनाथाच्या देवळापुढे गाऱ्हाणं घातल्याशिवाय ती वापरात येत नाही. गाऱ्हाणं म्हणजे गावकरानं, गावच्या मानकऱ्यानं, देवापुढे मोठ्यानं मागणं मांडायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा व्हय म्हटलं की तो शब्द मोडायचा नसतो. कोर्टातली शपथ मोडणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, गाऱ्हाण्यातला व्हय मोडणारा मी पाहिलेला नाही.

गाऱ्हाणं घालणारे परशुराम गावकर हे सुगंधाचे आजोबा. बाई तीन संध्याकाळी त्यांच्या पडवीत जाऊन बसल्या. ख्रिस्ती वेरोनिकाबाईंना रवळनाथाकडे काय काम, असा प्रश्न वाडीत निघाला. काम शिकवणीचं होतं. परशुरामांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे बाई वाक्य सांगत, ते म्हणत, आणि ते चुकले की बाई छत्री जमिनीवर आपटत. सत्तरीच्या माणसाला त्यांनी पुन्हा पहिलीत बसवलं.

पूजेच्या दिवशी निम्मं गाव जमलं. शेटकडे वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ होती, मीही गेलो. ट्रकला झेंडूच्या माळा, पेद्रू आणि गाडीचा क्लीनर, आमच्या बोलीत किलिंडर, नव्या सदऱ्यांत. बाई देवळाबाहेर, छत्री टेकून.

परशुरामांनी नारळ ठेवला. "बा देवा रवळनाथा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

"ह्या हरिश्चंद्रान नवी गाडी घेतल्यान हा, तिका बरकत दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." शेटचा आवाज सगळ्यांत मोठा.

लोकांचे डोळे मिटलेले, हात जोडलेले, लक्ष वड्यांच्या वासाकडे. गाऱ्हाण्यात कोणी शब्द ऐकत नाही, फक्त वाक्य कुठं थांबतं ते ऐकतात.

"ही गाडी शाळेच्या वळणार इली काय थांबांदे, पोरा पलीकडे जावंदेत, आनी बाजार संपासर किलिंडर खाली उतरान गाडयेच्या फुडे चलत जावंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"जो ह्या सबदाक चुकात, तेचो बरफ घाट चढाच्या आदी पानी होवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," शेट म्हणाला आणि मग त्याचे डोळे उघडले.

"परशुरामा, तुका ह्या कोणी शिकवल्यान?"

"तोंडाक येता ता बोललंय," परशुराम म्हणाले, आणि वड्यांकडे गेले.

पण शेट म्हणजे शेट. पानावर बसेपर्यंत त्यानं पळवाट काढली. "व्हय मिया म्हटलंय. गाडी पेद्रू चलयता. पेद्रू किरिस्तांव, तेका रवळनाथाचो सबद खंय लागता?" लोक हसले. बाई घरी गेल्या. मान खाली घालून चालणाऱ्या बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी मी कचेरीतून उठून वळणावर जाऊन उभा राहिलो. अर्धा बाजार तिथं होता. सायकलवाले सायकली धरून, कोळणी पाट्या उतरवून. बाईंनी रांग कडेला धरलेली, छत्री आडवी. नवा ट्रक धुरळा उडवत आला. दारावर थाप पडली, ऐकू आली. दुसरी पडली.

ट्रक वळणावर थांबला.

"चल म्हणतंय मा तुका," शेट ओरडला. "तुका कसलो सबद?"

पेद्रूनं इंजिन बंद केलं. "व्हय मियाय म्हटलंय शेटानू. आनी थय रांगेत फुडे उबा आसा ता माजा चेडू. रोज डोळे मिटून जातंय मिया हयसून. आता नाय जावचंय."

फ्रान्सिस्का, पहिलीतली, बापाला पाहून हात हलवू लागली. बाईंनी छत्री उचलली आणि रांग निघाली. बेचाळीस मुलं, हातात हात, अजिबात घाई न करता. मग सायकली गेल्या, मग कोळणी, मग एसटीचे उतारू. क्लीनर खाली उतरून त्यांच्या मागे, गाडीच्या पुढे उभा राहिला.

पेद्रू स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होता. गाडीच्या मागून बर्फाचं पाणी रस्त्यावर ठिबकत होतं, आणि शेट त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही.