फक्कीची अक्षरं

परवा नातवाच्या शाळेत खेळांसाठी मैदानावर फक्कीच्या रेघा मारत होते. चुन्याचा तो कोरडा, नाकात चुरचुरणारा वास आला आणि मी मुकुटबनजवळच्या शाळेत शिकवायचे त्या पहिलीच्या वर्गात जाऊन पोचले.

कापसाची ती वाईट वर्षं. वेचणी लागली की वर्ग निम्मा रिकामा व्हायचा. सोमी मात्र यायची. घरी कोलामी बोलणारी ही पोर माझ्या मराठीपुढे गप्प बसायची, पाटीला बोटसुद्धा लावायची नाही. म्हणून मी आवारात फक्कीनं मोठाली अक्षरं काढली आणि मुलांना त्यांवर उड्या मारायला लावलं. सोमी सगळ्यांत उंच उडायची आणि उडता उडता अक्षराचं नाव ओरडायची.

एका सकाळी तिची आई आली. "मॅडम, सोमीले वावरात नेतो. तशीबी ते इथं खेळूनच राह्यली."

मी काही बोलायच्या आत सोमी धावली. "क! म!" आणि एक लांब उडी, "ल!" मग थबकली. आईकडे वळून हळूच म्हणाली, "कमल."

आईचंच नाव होतं ते.

"माह्यं नाव? कुठं हाय?"

सोमीनं तिला हात धरून 'क'वर उभं केलं. कमलनं चपला काढल्या, साडी खोचली आणि रांगोळी मोडू नये तशी जपून चालली. 'ल'वर पोचल्यावर खुदकन हसली. "राहू द्या तिले," म्हणाली.

तेव्हा एक पोर वर्गात टिकली, याचाच मला आनंद झाला होता. आता आठवते ती कमल. हातात चपला घेऊन, पांढऱ्या पावलांनी, मागं वळून वळून बघत वावराकडे जाणारी.