कपाट मी हलवलं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. फौजेतून सुटलो आणि चंदीगडातच, मेंदूचा अभ्यास चालायचा त्या संस्थेत, उंदीर सांभाळायची नोकरी धरली. तिथं पीएचडी करणारी एक बाई आमच्या साताऱ्याकडची. मला काका म्हणायची, पण हुकूम सोडायची सुभेदारासारखे.

तिचं काम असं. हौदात दुधाची भुकटी टाकून पाणी गढूळ करायचं, पाण्याखाली उंदराला टेकायला एक पाट लपवायचा आणि उंदीर सोडायचा. पोहून पोहून त्याला पाटाची जागा पाठ होते. मग काही उंदरांच्या मेंदूतली एक बारीक जागा निकामी करायची आणि बघायचं, आठवण जाते का. चार महिने हेच. पंजाबातल्या गोळीबाराच्या बातम्या वाचून तिच्या वडिलांनी पत्र टाकलेलं : या महिन्यात संपव, नाहीतर अर्धवट सोडून घरी ये.

त्यात दोन दिवस कर्फ्यू लागला. मी उंदरांपाशीच राहिलो, फुटाणे खाऊन. बाहेर फटाफट आवाज झाले, तसं हौदाच्या खोलीतलं लोखंडी कपाट ओढून खिडकीला लावलं. फौजी माणूस आडोसा करणारच.

तिसऱ्या दिवशी कर्फ्यू उठला, बाई आली आणि तिनं उंदीर हौदात सोडले. तर धडधाकट उंदीरसुद्धा वेड्यासारखे गोल गोल पोहायला लागले.

"काका, खायला काय घातलंत यांना?"

"रोजचंच."

"पाट हलवलात?"

"हात लावला नाही!"

"मग चांगले उंदीर कसे विसरले?" ती स्टुलावर बसली आणि रडायलाच लागली. "संपलं. जाते घरी."

माझं डोकं फिरलं. दोन दिवस मी जीव मुठीत धरून काढले, आणि चौकशी माझीच! म्हटलं, "फक्त कपाट हलवलंय."

तिनं डोळे पुसून खिडकीकडे पाहिलं. "अहो काका, उंदराला पाट दिसत नाही. तो कपाट आणि खिडकी बघून जागा ओळखतो!"

"मग चार महिन्यांत एकदा तरी सांगायचंत! झाडू कुठं ठेवायचा ते रोज सांगता."

फरशीवरचे गंजाचे डाग बघून कपाट जुन्या जागेवर ढकललं. धडधाकट उंदीर सोडला, तो सरळ पाटावर. मेंदूत इजा केलेला मात्र फिरतच राहिला. बाई भराभरा वहीत लिहायला लागली.

मी विचारलं, "आता खिडकीतून गोळी आली तर?"

"खाली बसा," ती म्हणाली. मानसुद्धा वर केली नाही.